एक रिक्वेस्ट, एक ओळ: वेब सर्व्हरमध्ये येणाऱ्या रिक्वेस्टचं लॉगिंग कसं करावं

‘तुमची साइट उघडत नाहीये’ असा निरोप येतो. तुम्ही घाईघाईने उघडून बघता, तर सगळं सुरळीत. दहा मिनिटांनी पुन्हा तोच निरोप, आणि तुमच्याकडे पुन्हा सगळं ठीक. अशा वेळी तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: त्या माणसाची रिक्वेस्ट आपल्या सर्व्हरपर्यंत पोचली का, पोचली असेल तर आपण काय उत्तर दिलं, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला. लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहिलेली नोंदवही, नसेल तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय याचे अंदाज बांधत बसावं लागतं.

हा लेख पहिला-दुसरा सर्व्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे. तुमची भाषा नोड असो, पायथन, गो किंवा जावा, नियम एकच आहे: प्रत्येक रिक्वेस्टमागे एक ओळ, ती पूर्ण माहितीची, आणि रिक्वेस्ट संपल्यावर लिहिलेली. ऐकायला सोपं वाटतं. सगळी गोची ‘संपल्यावर’ या एका शब्दात आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबू.

पायरी १: आयतं काय मिळतंय ते आधी बघा

तुमच्या ॲप्लिकेशनच्या पुढे इंजिनएक्स किंवा अपाची यांसारखा तयार वेब सर्व्हर उभा असेल, तर तो बहुधा आधीच ॲक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) लिहीत असतो. डेबियन किंवा उबुंटूवर ‘व्हार’ डिरेक्टरीतल्या ‘लॉग’मध्ये त्यांची फाइल सापडते. त्यातली ओळ साधारण अशी असते (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत दिसेल):

    २०३.०.११३.७ - - [१२/मार्च/२०२५:१०:१५:३२ +००००] "गेट /ऑर्डर/४२ एचटीटीपी/१.१" २०० १५३४

डावीकडून वाचा. आधी जोडणी करणाऱ्याचा आयपी पत्ता. मग दोन आडव्या रेघा. पहिली ‘आयडेंट’ नावाच्या जुन्या प्रोटोकॉलसाठी राखलेली जागा आहे. आज ती कोणी भरत नाही, पण साचा बदलला तर जुनी साधनं बिघडतील म्हणून रेघ तिथेच राहिली. दुसरी रेघ बेसिक ऑथेंटिकेशनमधल्या युजरच्या नावाची. पुढे वेळ, रिक्वेस्टची पहिली ओळ, स्टेटस कोड (२०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान नाही, ५०० म्हणजे सर्व्हरची चूक) आणि पाठवलेल्या बॉडीचे, म्हणजे मुख्य मजकुराचे, बाइट. याला कॉमन लॉग फॉरमॅट म्हणतात आणि तो १९९०च्या दशकातल्या एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरपासून चालत आला आहे.

यातच रेफरर (कुठल्या पानावरून आला) आणि युजर एजंट (कुठला ब्राउझर किंवा प्रोग्रॅम) हे दोन हेडर जोडले की ‘कम्बाइन्ड’ फॉरमॅट होतो. रेफररच्या हेडरमध्ये इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं आहे, मधला एक ‘आर’ गायब आहे. १९९६च्या एचटीटीपी १.०च्या दस्तऐवजात ती चूक तशीच छापली गेली आणि आता तीच अधिकृत आहे. कोडमध्ये शुद्ध स्पेलिंग लिहिलंत तर हेडर सापडणार नाही आणि अर्धा तास वाया जाईल.

या आयत्या लॉगमध्ये दोन उणिवा आहेत. मूळ साच्यात लागलेला वेळ नसतो. आणि ॲप्लिकेशनच्या आत काय घडलं, म्हणजे कोण लॉगिन होतं, कुठला हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) चालला, कुठली चूक झाली, हे बाहेरच्या सर्व्हरला कळणं शक्यच नसतं. म्हणून आपला लॉग आपण लिहायचा.

पायरी २: सगळ्यात बाहेरच्या पापुद्र्यात उभे राहा

प्रत्येक हँडलरमध्ये वेगळी प्रिंटची ओळ टाकू नका. एखादा हँडलर विसराल, आणि नेमका तोच बिघडेल. बहुतेक फ्रेमवर्कमध्ये यासाठी मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेत हँडलरआधी-नंतर चालणारा कोड, ही सोय असते (जावात तिला फिल्टर म्हणतात). मिडलवेअर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक असतात. रिक्वेस्ट बाहेरून आत जाते आणि रिस्पॉन्स आतून बाहेर येतो. लॉगिंगचा पापुद्रा सर्वांत बाहेर हवा.

क्रम चुकला तर काय होतं? समजा लॉगिन तपासणारं मिडलवेअर आधी आहे आणि लॉगिंग त्याच्या आत. टोकन (लॉगिनची ओळखखूण) नसलेली रिक्वेस्ट वरच्या वर ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, घेऊन परत जाते आणि लॉगिंगपर्यंत पोचतच नाही. कोणीतरी रात्रभर पासवर्ड आजमावत असेल तरी तुमचा लॉग शांत. एक्सप्रेसमध्ये ज्या क्रमाने मिडलवेअर नोंदवाल तो क्रम चालतो, जँगोमध्ये सेटिंग्जमधल्या यादीचा क्रम चालतो. दोन्हीकडे लॉगिंग वर ठेवा.

कुठल्याही भाषेत आराखडा असाच असतो:

    सुरुवात = पुढेच_जाणारं_घड्याळ()
    प्रयत्न कर:
        पुढच्या_हँडलरला_बोलाव(रिक्वेस्ट, रिस्पॉन्स)
    चूक झाली तर:
        चूक टिपून ठेव आणि पुन्हा वर फेक
    काहीही झालं तरी शेवटी:
        एक_ओळ_लिही(पद्धत, पाथ, स्टेटस, लागलेला_वेळ)

पहिल्या ओळीतलं घड्याळ हा शब्दांचा खेळ नाही. मशीनचं रोजचं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होत असतं, त्यामुळे मध्येच मागे जाऊ शकतं, आणि मग एखादी रिक्वेस्ट उणे ३ मिलिसेकंदांत संपल्याची नोंद सापडते. कालावधी मोजायला मोनोटॉनिक घड्याळ वापरा. पायथनमध्ये ते टाइम मॉड्यूलमध्ये आहे, नोडमध्ये परफॉर्मन्स नाऊ आहे, गोमध्ये १.९ आवृत्तीपासून टाइम नाऊमध्येच ते दडलेलं असतं. रोजचं घड्याळ फक्त ‘किती वाजता’ हे लिहिण्यासाठी.

तयार साधनंही आहेत. एक्सप्रेससाठी मॉर्गन आहे, स्प्रिंगमध्ये रिक्वेस्ट लॉगिंगचे फिल्टर येतात. वापरा, हरकत नाही. पण एकदा स्वतः लिहून बघा, म्हणजे पुढच्या पायरीतले खड्डे का आहेत ते कळेल.

पायरी ३: रिक्वेस्ट ‘संपली’ कधी?

नवखा माणूस बहुतेक वेळा रिक्वेस्ट आल्या आल्या ओळ लिहितो. त्या क्षणी स्टेटस माहीत नसतो, वेळ माहीत नसतो, म्हणून मग शेवटी दुसरी ओळ लिहावी लागते. एकाच वेळी पन्नास रिक्वेस्ट चालू असल्या की या दोन ओळींच्या जोड्या लावता लावता नाकी नऊ येतात. म्हणून शेवटी, एकदाच. पण शेवट म्हणजे नक्की कुठला क्षण, यावर प्रत्येक भाषेत वेगळा सापळा आहे.

नोडमध्ये हँडलर परतला म्हणजे काम संपलं असं नसतं, कारण खरं काम पुढे असिंक्रोनस, म्हणजे फंक्शन परतल्यावरही मागे, चालू असतं. तिथे रिस्पॉन्सच्या इव्हेंटवर कान ठेवावा लागतो. ‘फिनिश’ हा इव्हेंट रिस्पॉन्सचा शेवटचा तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झाला की येतो. पण समोरच्याने मध्येच टॅब बंद केला तर फिनिश येतच नाही, फक्त ‘क्लोज’ येतो. नुसत्या फिनिशवर विसंबलात तर कंटाळून निघून गेलेल्या लोकांची नोंदच राहणार नाही, आणि साइट मंद आहे हे सांगणारे साक्षीदार नेमके तेच असतात. म्हणून क्लोजवर लिहा, आणि रिस्पॉन्स पूर्ण झाला होता की अर्धवट तुटला, हे वेगळ्या फील्डमध्ये टिपा. इंजिनएक्सने या प्रकारासाठी ४९९ असा स्वतःचा कोड ठेवला आहे. तो प्रमाण यादीत नाही, पण लॉगमध्ये दिसला की समजायचं, आपण उत्तर देण्याआधीच समोरचा निघून गेला.

गोमधला सापळा आणखी मजेशीर आहे. तिथला रिस्पॉन्स रायटर स्टेटस परत सांगत नाही, म्हणून त्यावर आपलं वेष्टण चढवून स्टेटस टिपावा लागतो. हँडलरने स्टेटस लिहिलाच नाही तर तो २०० धरला जातो, म्हणून वेष्टणात सुरुवातीची किंमत २०० ठेवतात. आता हँडलर पॅनिक झाला, म्हणजे चूक होऊन मध्येच कोसळला, असं समजा. डिफरमधलं (फंक्शन संपताना हमखास चालणाऱ्या भागातलं) तुमचं लॉगिंग इमानेइतबारे चालतं आणि २०० लिहितं. तिकडे सर्व्हर जोडणी तोडून मोकळा झालेला असतो, ग्राहकाच्या हाती काहीच लागलेलं नसतं. लॉग म्हणतो सगळं आलबेल. म्हणून डिफरमध्ये पॅनिक तपासा, ५०० लिहा, आणि पॅनिक पुन्हा वर सोडा.

पायथनच्या फ्लास्कमध्ये ‘आफ्टर रिक्वेस्ट’ आणि ‘टिअरडाउन रिक्वेस्ट’ असे दोन हुक (ठरलेल्या क्षणी आपोआप चालणारी फंक्शनं) आहेत. न पकडलेली चूक आली तर पहिल्याची खात्री देता येत नाही, दुसरा मात्र चालतो. आणि मोठी फाइल तुकड्यातुकड्याने पाठवत असाल तर फंक्शन परतल्यानंतरही बाइट जातच असतात, म्हणजे तुम्ही मोजलेला वेळ हा फक्त ‘उत्तर तयार होण्याचा’ वेळ असतो.

या फरकाचा उपयोगही करून घेता येतो. इंजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमध्ये दोन चल जोडा: रिक्वेस्ट टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम. पहिला म्हणजे ग्राहकाकडून पहिला बाइट वाचल्यापासून त्याला शेवटचा बाइट पाठवून होईपर्यंतचा सगळा काळ, दुसरा म्हणजे तुमच्या ॲप्लिकेशनकडून उत्तर मिळवण्यात गेलेला काळ. पहिला ८ सेकंद आणि दुसरा ४० मिलिसेकंद असेल तर कोड तपासत बसू नका, समोरच्याचं नेटवर्क मंद आहे.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत सुटते. जी रिक्वेस्ट संपतच नाही तिची ओळ कधीच येत नाही. सर्व्हर अडकलाय आणि लॉग गप्प आहे असं दिसलं तर हे आठवा. त्यासाठी चालू रिक्वेस्टची संख्या एका काउंटरमध्ये ठेवणं, आणि टाइमआउट लावणं, हा साधा उपाय आहे.

पायरी ४: ओळीत काय असावं

वाक्यं लिहू नका, जेसन (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर-साचा) लिहा. एका ओळीत एक ऑब्जेक्ट. माणसाला ते वाचायला थोडं जड जातं, पण गाळायला, मोजायला आणि शोधायला फार सोपं. शिवाय जेसन बनवणारी लायब्ररी मूल्यांमधली नवी ओळ आणि इतर नियंत्रण-अक्षरं स्वतःच बंदिस्त करते, त्याचा फायदा पुढे दिसेल.

माझ्या यादीत हे असतं: यूटीसीमधली वेळ आयएसओ ८६०१ पद्धतीने, पद्धत, पाथ, राउटचा साचा, स्टेटस, मिलिसेकंद, रिस्पॉन्सचे बाइट, ग्राहकाचा आयपी, युजर एजंट, लॉगिन असेल तर युजरचा अंतर्गत आयडी, आणि रिक्वेस्ट आयडी. यातला राउटचा साचा बहुतेक जण विसरतात. ‘/ऑर्डर/४२’ आणि ‘/ऑर्डर/९७’ हे दोन वेगळे पाथ आहेत, पण ‘/ऑर्डर/:आयडी’ हा साचा एकच. सगळ्यात मंद पान कुठलं हे शोधताना गटवारी साच्यावरूनच करावी लागते. एक्सप्रेसवाल्यांना अजून एक सूचना: आत बसवलेल्या राउटरमध्ये ‘यूआरएल’ची किंमत कापलेली मिळते, म्हणून ‘ओरिजिनल यूआरएल’ वाचा.

लेव्हलबद्दल, म्हणजे ओळ किती गंभीर आहे ते सांगणाऱ्या खुणेबद्दल, माझं मत ठाम आहे. ५०० आणि वरचे कोड एरर, बाकी सगळं इन्फो. ४०४ला एरर म्हणू नका. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर बॉट दिवसभर नसलेली पानं मागत असतात. ती सगळी लाल रंगात दिसायला लागली की डोळे लालला सरावतात, आणि खरी आग लागली तरी लक्ष जात नाही.

पायरी ५: प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी

रिक्वेस्ट आली की तिला एक यादृच्छिक आयडी द्या, यूयूआयडी पुरतो. तोच आयडी त्या रिक्वेस्टदरम्यान लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक लॉगमध्ये जाऊ द्या, आणि रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये परतही पाठवा. मग तक्रार करणारा नुसता आयडी सांगेल आणि तुम्ही थेट त्या ओळीवर पोचाल. प्रत्येक फंक्शनला हा आयडी हाताने देत बसायची गरज नाही: नोडमध्ये असिंक लोकल स्टोअरेज, पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स, जावात एमडीसी आणि गोमध्ये कॉन्टेक्स्ट याचसाठी आहेत.

पुढच्या प्रॉक्सीने (ॲप्लिकेशनपुढे उभा असलेला इंजिनएक्ससारखा मधला सर्व्हर) आधीच एक्स-रिक्वेस्ट-आयडी हेडर लावलं असेल तर तेच चालवा, पण लांबी आणि अक्षरं तपासून. बाहेरून आलेली किंमत डोळे मिटून घेतली तर कोणीही त्यात दहा हजार अक्षरं भरून पाठवेल. एकाहून अधिक सर्व्हिस असतील तर डब्ल्यूथ्रीसीचं ट्रेस कॉन्टेक्स्ट हे प्रमाण बघा, त्यात ‘ट्रेसपेरेंट’ नावाचं हेडर एका सर्व्हिसकडून दुसरीकडे जातं.

पायरी ६: खरा आयपी कोणता

प्रॉक्सीमागे गेलात की लॉगमध्ये सगळ्या जगाचा आयपी एकच दिसायला लागतो, तो प्रॉक्सीचा. मूळ पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये असतो. प्रत्येक प्रॉक्सी आपल्याशी जोडणी करणाऱ्याचा पत्ता त्या यादीच्या उजवीकडे जोडते. इंटरनेटवरची बरीच उदाहरणं डावीकडची पहिली किंमत घ्यायला सांगतात. ते चुकीचं आहे. ग्राहक स्वतःच हे हेडर बनवून पाठवू शकतो, म्हणजे डावीकडचं काहीही खोटं असू शकतं. उजवीकडून मोजा: तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सी ओलांडल्यावर जो पहिला पत्ता लागतो तो घ्या. एक्सप्रेसमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ला ‘ट्रू’ देण्याऐवजी प्रॉक्सींची संख्या द्या. ‘ट्रू’ दिलं तर ते नेमका सगळ्यात डावीकडचा पत्ता उचलतं.

पायरी ७: काय लिहायचं नाही

मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा विचार करा असं सांगितलं. ते पासवर्ड साठवताना बीक्रिप्टने नीट हॅश (मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असं रूपांतर) करत होते. पण एका बगमुळे हॅश पूर्ण होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये साध्या मजकुरात लिहिले जात होते. डेटाबेस कडीकुलपात आणि लॉग उघड्यावर, असा प्रकार.

म्हणून रिक्वेस्टची बॉडी लॉग करू नका. ऑथरायझेशन, कुकी आणि सेट-कुकी ही हेडर तर नाहीच. कुठली हेडर वगळायची याची यादी ठेवण्यापेक्षा कुठली लिहायची याची यादी ठेवा. उद्या कोणी नवं गुप्त हेडर आणलं तरी ते आपोआप बाहेर राहतं. क्वेरी स्ट्रिंगकडे, म्हणजे यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागाकडे, विशेष लक्ष द्या. पासवर्ड बदलण्याच्या लिंकमधलं टोकन बऱ्याचदा तिथेच असतं, आणि पाथ म्हणून सगळा यूआरएल लिहिला की तेही लॉगमध्ये जाऊन बसतं. पाथ वेगळा, क्वेरी वेगळी, आणि क्वेरीतल्या ओळखीच्या, निरुपद्रवी किल्ल्याच लिहायच्या. आयपी पत्ताही बऱ्याच ठिकाणी वैयक्तिक माहितीत धरला जातो, तेव्हा लॉग किती दिवस ठेवायचे हे आधीच ठरवा.

दुसरी बाजू उलट दिशेची: बाहेरचा माणूस तुमच्या लॉगमध्ये लिहू शकतो. युजर एजंटमध्ये काय पाठवायचं हे तोच ठरवतो, आणि यूआरएल डीकोड करून लिहीत असाल तर त्यात नवी ओळ घालून अख्खी खोटी नोंद घुसवता येते. जेसनचा फायदा तो इथे. तरीही लांबीला मर्यादा घाला. लॉग म्हणजे निर्जीव मजकूर, त्याने काय बिघडतं, असं वाटत असेल तर डिसेंबर २०२१ आठवा. जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीत लॉग होणाऱ्या मजकुरातली विशिष्ट अक्षरं वाचून बाहेरच्या सर्व्हरकडे विचारणा केली जायची. युजर एजंटसारख्या हेडरमध्ये एक छोटी ओळ पाठवली आणि ती लॉग झाली की हल्लेखोराचा कोड चालवता येत होता. लॉगिंग लायब्ररी अद्ययावत ठेवा.

पायरी ८: लिहायचं कुठे

ॲप्लिकेशनने स्टँडर्ड आउटपुटवर लिहावं आणि फाइल, साठवण वगैरे बाहेरच्या साधनावर सोडावं, ही पद्धत मला आवडते. पण कोणीतरी ती सांभाळायला हवी. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा नेहमीचा ‘जेसन-फाइल’ ड्रायव्हर लॉगला स्वतःहून कमाल मर्यादा घालत नाही. ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ तुम्हीच द्यायचं. नुसत्या मशीनवर असाल तर लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइली बाजूला काढणारं साधन) लावा.

एकदा माझी डिस्क लॉगने शंभर टक्के भरली. मी मोठी फाइल खुशाल डिलीट केली आणि डिस्क तरीही भरलेलीच! कारण प्रोसेसने फाइल उघडी धरून ठेवली होती. नाव गेलं तरी जागा सुटत नाही, आणि प्रोसेस त्या अदृश्य फाइलीत लिहीतच राहते. डिलीट करू नका, फाइल रिकामी करा, किंवा प्रोसेसला ती पुन्हा उघडायला लावा. इंजिनएक्सला त्यासाठी यूएसआर-वन सिग्नल पाठवतात.

दर काही सेकंदांनी येणाऱ्या हेल्थ चेकच्या (सर्व्हर जिवंत आहे का ते तपासणाऱ्या रिक्वेस्टच्या) यशस्वी नोंदी गाळून टाका. अपयशी मात्र ठेवा.

पायरी ९: मुद्दाम बिघडवून बघा

लॉगिंग चालतंय की नाही हे नीट चालणाऱ्या रिक्वेस्टवरून कळत नाही. एका टर्मिनलवर ‘टेल’ (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवत राहणारी कमांड) लावून फाइल उघडी ठेवा, दुसरीकडून कर्ल या कमांडने पुढच्या रिक्वेस्ट पाठवा आणि प्रत्येकीमागे बरोबर एक ओळ येते का ते मोजा.

साधी यशस्वी रिक्वेस्ट. नसलेल्या पानाची. टोकन नसलेली. मुद्दाम चूक फेकणाऱ्या हँडलरची, जिथे ५०० दिसायलाच हवा. दहा सेकंद झोपणाऱ्या हँडलरची, आणि ती दोन सेकंदांत कंट्रोल-सीने तोडायची. युजर एजंटमध्ये पाच हजार अक्षरं असलेली. खोटं एक्स-फॉरवर्डेड-फॉर घेऊन आलेली. आणि क्वेरीत ‘टोकन’ असलेली. तिच्यानंतर सगळ्या लॉगमध्ये त्या टोकनची किंमत ग्रेपने शोधा. इंजिनएक्सचा ॲक्सेस लॉगही त्यात धरा, कारण तुमच्या कोडमधून गाळलेलं टोकन बहुतेक वेळा तिथे सापडतं.